'लाय' की 'ले'? पेशंटला खाली कोणी झोपवलं?

नाइट_ड्युटी (मिरज)

नमस्कार. प्रश्न इंग्रजीचा आहे, 'लाय' (lie) आणि 'ले' (lay) या दोन क्रियापदांचा, पण मला तो वॉर्डात पडला, म्हणून आधी वॉर्डातलं सांगते.

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, मेल मेडिसिन वॉर्डला, नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात नाइटला असताना पहाटे साडेतीनच्या सुमाराला चौदा नंबरचे आजोबा कोणाला न उठवता बाथरूमला जायला निघाले आणि बेडशेजारीच घसरले. धप्प वगैरे काही आवाज झाला नाही. मी समोरच्या बेडची सलाइन बदलत होते. वळून बघते तर आजोबा फरशीवर आडवे, एक पाय बेडखाली, आणि शांतपणे मला म्हणतात, "सिस्टर, फरशी लई गार आहे हो." कुठे लागलं नव्हतं. व्हायटल्स घेतले, डॉक्टर येऊन बघून गेले, मामांनी (आमचे वॉर्डबॉय) आणि मी मिळून त्यांना परत बेडवर घेतलं, साइड रेल वर केली. मग नोट्स लिहायला बसले. आमच्याकडे नोट्स इंग्रजीतच. मी लिहिलं, 'पेशंट फाउंड लेड ऑन फ्लोअर.'

सकाळी मेट्रन मॅडमनी फाइल उघडली, 'लेड'भोवती लाल पेनाने गोल केला आणि सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "ह्यांना खाली कोणी झोपवलं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, "मॅडम, कोणी नाही, ते स्वतःच पडले." त्या म्हणाल्या, "तू तसं लिहिलेलं नाहीस. तू लिहिलंयस की कोणीतरी त्यांना फरशीवर ठेवलं. उद्या नातेवाइकांनी फाइलची झेरॉक्स मागितली तर कोणाचं नाव सांगशील?" मामा बिचारे तिथेच उभे होते, ते उगाच घाबरले.

बरं, हे एवढ्यावर थांबलं असतं तर विचारलं नसतं. पण मी ओईटीची तयारी करतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: परदेशात नर्सिंग करायचं तर जी इंग्रजीची परीक्षा देतात त्यातली ही एक. त्यात केस नोट्स देतात आणि त्यावरून १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं, रेफरलचं नाहीतर डिस्चार्जचं. वेळ ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती वाचायला. मागच्या आठवड्यात सरावाच्या पत्रात मी लिहिलं, 'शी वॉज लेइंग इन बेड.' तपासणाऱ्यांनी 'लेइंग' खोडून वर 'लाइंग' लिहून पाठवलं. कारण काही दिलं नाही. मी अर्धा तास विचार करत बसले की पेशंट खोटं कशाला बोलेल.

मग डिक्शनरी उघडली आणि होतं ते डोकंही गेलं. तिथे म्हणे 'लाय'चा भूतकाळ 'ले'. म्हणजे जे माझ्या पत्रात चूक, तेच डिक्शनरीत बरोबर?

मला तक्ता पाठ करायला सांगू नका. तक्ता मी बारावीतही पाठ केला होता आणि पहाटे साडेतीनला तो आठवत नाही. एखादी अशी खूण सांगा की जी झोपेतसुद्धा चालेल.

खडू_आणि_डस्टर (कराड)

ताई, तुमच्या मेट्रनबाईंना माझा नमस्कार सांगा. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हा धडा 'ह्यांना खाली कोणी झोपवलं' या एका प्रश्नात बसवायचं मला कधी सुचलं नाही.

तक्ता देत नाही. मराठी देतो.

'झोपलेला' आणि 'झोपवलेला', या दोन शब्दांत फरक किती? एका 'व'चा. पण तो 'व' आला की लगेच दुसरा माणूस हजर होतो. 'पेशंट झोपलेला होता' यात खोलीत एकटा पेशंट. 'पेशंट झोपवलेला होता' यात झोपवणारा कोणीतरी आहेच, दिसला नाही तरी आहे. इंग्रजीत 'लाय' म्हणजे आपलं आपण आडवं होणं, पडून राहणं. 'ले' म्हणजे दुसऱ्या कशाला तरी आडवं करणं, ठेवणं, घालणं. तुम्ही लिहिलेलं 'लेड' हे त्या दुसऱ्याचं रूप, म्हणजे 'झोपवलेला'. बाईंनी लाल गोल केला तो त्या 'व'भोवती.

तुम्हाला हवं होतं ते 'फाउंड लाइंग ऑन द फ्लोअर'. पडलेला आढळला.

आता भूतकाळाचा घोळ. इथे भलेभले आपटतात, इंग्रजच्या इंग्रज आपटतात. 'लाय'चा भूतकाळ 'ले', आणि नेमकं हेच 'ले' दुसऱ्या क्रियापदाचं मूळ रूप. त्याचा भूतकाळ 'लेड'. एका भावाचा जुना सदरा दुसऱ्याने घालून फिरावं आणि शेजाऱ्यांनी चुकीच्या नावाने हाक मारावी, तसं.

यावर आपल्याकडे असं औषध आहे की जे इंग्रज पोराकडेही नाही. ते म्हणजे 'ने'.

वाक्य मनात मराठीत, भूतकाळात म्हणा. कर्त्याला 'ने' लागला तर 'लेड'. नाही लागला तर 'ले'.

'तो कॉटवर आडवा झाला.' 'ने' नाही. म्हणून 'ही ले डाउन'.
'तिने बाळाला पाळण्यात ठेवलं.' 'ने' आला. म्हणून 'शी लेड द बेबी'.
'गवंड्याने फरशी बसवली.' 'ने' आला. 'लेड'.
'मांजर उन्हात पसरलं.' नाही. 'ले'.

फक्त एक करा, कर्ता 'तो' किंवा 'ती' घ्या. 'मी' आणि 'तू' हे चोर आहेत, 'ने' पोटात लपवतात. 'मी ठेवलं' यात दिसत नाही, 'तिने ठेवलं' म्हटलं की बाहेर येतो.

आणि खोटं बोलणारं 'लाय' हे तिसरंच. त्याचा या दोघांशी संबंध नाही, आडनावबंधू नुसते. त्याचा भूतकाळ साधा 'लाइड'. तोंडाने खोटं बोलता येतं, पाठीने नाही, एवढं लक्षात ठेवा.

अंडीवाला_तासगाव

मॅडम, मी काय इंग्रजीचा माणूस न्हाई. पण 'ले' हा शब्द आमच्या शेडवर दिवसातनं शंभरदा येतो म्हणून लिवतो.

पोल्ट्रीत दोन जाती. खायची ती ब्रॉयलर, अंड्याची ती लेअर. लेअर म्हंजे अंडी घालणारी, हे 'ले'चंच. पक्षी अठरा-एकोणीस आठवड्यांचा झाला की अंड्यावर येतो. मग रोज सकाळी कंपनीचा माणूस फोन करून इचारतो, "लेइंग किती?" म्हंजे शंभर पक्ष्यांमागं अंडी किती. नव्वदच्या वर असलं की आपण चहा पाजतो, खाली गेलं की फोन उचलत न्हाई.

एका अंड्याला कोंबडीला चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यामुळं रोजची येळ थोडी थोडी पुढं सरकती आणि मग एखादा दिवस खाडा पडतो. पोरांना वाटतं कोंबडी कंटाळली. ती कंटाळत न्हाई, तिचं घड्याळच पंचवीस तासांचं.

तर सांगायचं काय, 'शी वॉज लेइंग इन बेड' हे माझ्या पोराला वाचून दाखवलं (तो बारावी सायन्स). तो म्हणाला, "पप्पा, पेशंट बेडवर अंडी घालत होती." तवापासनं घरात हसणं चालूय. राग मानू नका.

नाइट_ड्युटी

राग कसला दादा, आता जन्मात विसरणार नाही. सकाळी हँडओव्हरला सांगितलं तर सगळ्या सिस्टर पोट धरून हसल्या. आता कोणी 'लेइंग' म्हटलं की आमच्याकडे "ट्रे आणू का अंड्यांचा?" असं चालू झालंय.

सर, 'ने'ची खूण घेऊन काल रात्री जुन्या नोट्समधली चार वाक्यं केली. तपासून द्या.

आजोबा रात्रभर डाव्या कुशीवर झोपले. 'ने' नाही. 'ही ले ऑन हिज लेफ्ट साइड ऑल नाइट.'

मावशींनी मॅकिंटॉश आणि ड्रॉशीट (रबरी चादर आणि तिच्यावरची कापडी) घातलं. 'नी' आला, तो 'ने'च ना? 'लेड'.

ताप पहाटे १०२ वर गेला. इथे 'राइज' आणि 'रेझ'ची पण तीच गंमत आहे असं वाटलं, म्हणून लिहिलं, 'टेम्परेचर रेझ्ड टू १०२.'

सिस्टरने बेडची डोक्याकडची बाजू वर केली. 'रेझ्ड द हेड एंड.'

आणि एक शंका. 'लेन' हे काय प्रकरण आहे? एकाच कुशीवर चार तास राहिल्यामुळे पाठ लाल झाली, हे लिहिताना 'ही हॅज लेन' लिहायचं का? लिहिताना हात थरथरतो.

खडू_आणि_डस्टर

चारातली तीन बरोबर. मावशींचा 'नी' हा मानाचा 'ने'च, त्यात काही फरक नाही.

चुकली ती तापाची. 'ताप चढला' म्हणतो आपण. 'तापाने चढवलं' असं कोणी म्हणतं का? 'ने' कुठेय? म्हणून 'रोज'. 'टेम्परेचर रोज टू १०२.' बेडची बाजू मात्र सिस्टरने वर केली, तिथे 'रेझ्ड' चोख. गडबड कुठे झाली तेही सांगतो. 'रेझ्ड टेम्परेचर' असा शब्दप्रयोग तुम्ही पुस्तकात वाचलेला आहे, 'वाढलेला ताप' या अर्थाने, आणि तो बरोबर आहे. पण तिथे ते विशेषण आहे. ताप स्वतः वर चढतो तेव्हा क्रियापद 'राइज'.

'लेन' शुद्ध आहे, पण परीटघडीचं आहे. बोलण्यात सहसा ऐकू येत नाही. 'ही हॅज बीन लाइंग ऑन वन साइड फॉर फोर अवर्स' असं लिहा. अर्थ तोच, हात थरथरणार नाही, आणि अजून तो त्याच कुशीवर आहे हेही त्यात येतं.

आता थोडं विषयांतर, आवडत नसेल त्यांनी पुढच्या उत्तरावर जावं. मला निवृत्तीनंतर हेच सुख उरलंय.

इंग्रजीत अशा जोड्या मूठभर उरल्यात. 'सिट' बसणं, 'सेट' बसवणं. 'राइज' चढणं, 'रेझ' चढवणं. 'लाय' आणि 'ले'. आणि एक मजेदार जोडी, 'फॉल' म्हणजे पडणं आणि 'फेल' म्हणजे पाडणं, हे झाड पाडायचं 'फेल', परीक्षेतलं नव्हे. त्यातही अगदी हाच घोळ. 'फॉल'चा भूतकाळ 'फेल', आणि झाड पाडायचं मूळ क्रियापदही 'फेल', त्याचा भूतकाळ 'फेल्ड'. झाड वाऱ्याने आपोआप पडलं तर 'द ट्री फेल'. लाकूडतोड्याने पाडलं तर 'ही फेल्ड द ट्री'.

आता आपल्याकडे बघा. पडणे-पाडणे. मरणे-मारणे. गळणे-गाळणे. चरणे-चारणे. तरणे-तारणे. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फुटणे-फोडणे. आतला स्वर हलवला की एकट्याने होणारी गोष्ट दुसऱ्याकडून घडवलेली होते. इंग्रजीतही स्वरच हलतो. हा योगायोग नव्हे. संस्कृतात 'पतति'चं 'पातयति', 'सीदति'चं 'सादयति'. इंग्रजीतलं 'सिट' आणि हे 'सीदति' एकाच मुळातले, आणि 'सेट' ते 'सादयति'शी नातं सांगतं. घडवून आणण्याचं क्रियापद करायची ही रीत दोन्ही घराण्यांना एकाच पूर्वजाकडून आली. फरक एवढाच की आपण ती अजून रोज वापरतो, आणि तिकडे ती मोडकळीला आली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही दोन क्रियापदं 'लिज्जन' आणि 'लेज्जन' अशी होती आणि पहिल्याचा भूतकाळ 'लॅय'सारखा काहीतरी व्हायचा. पुढे उच्चार झिजत झिजत दोघांची रूपं एकमेकांच्या अंगावर आली.

अंडीवाले दादा, तुमच्यासाठी एक. संस्कृतात घरट्याला 'नीड' म्हणतात आणि इंग्रजीत 'नेस्ट'. दोन्ही एकच शब्द, अर्थ 'खाली बसायची जागा', आणि त्यातही तेच बसण्याचं मूळ आहे.

अंडीवाला_तासगाव

सर, आमच्या पक्ष्यांना घरटं कसलं, पिंजरा. पण शब्द पाठ केला. पोराला इचारतो आज.

एक शंका. कंपनीतनं माणसं काढतात त्याला 'लेऑफ' म्हणतात, ते कशातलं? तिथं तर कोणी झोपत न्हाई.

खडू_आणि_डस्टर

'ने' लावा की दादा. मालकाने माणसं कमी केली. 'ने' आला, म्हणून 'ले'. भूतकाळ 'लेड ऑफ'. प्लॉटचा 'लेआउट' तोच, कोणीतरी आखून मांडलेला. आमच्या शाळेच्या दारात कोनशिला आहे, तिच्यावरही 'लेड बाय' आणि खाली पाहुण्यांचं नाव. तुमच्या मेट्रनबाई म्हणतात तसं, 'लेड' लिहिलं की खाली कोणाचं तरी नाव लागतंच.

वाक्यवेल्हाळ (पुणे)

सर, 'ने'ची युक्ती झकास, पण तिला भोकं आहेत हे नोंदवून ठेवतो. ती चहा प्यायली, तो धडा शिकला, ती निरोप विसरली, तो खरं बोलला. यांना कर्म आहे, तरी 'ने' नाही. तेव्हा 'ने' म्हणजे सकर्मक असं डोळे मिटून धरू नये.

खडू_आणि_डस्टर

मान्य. पण पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे यांतलं एकही पेशंटला फरशीवर ठेवत नाही. ताईंना पहाटे साडेतीनला चालेल असं हवंय. तुमचं भोक दुपारी बुजवू.

थंडीतली_सिस्टर (यॉर्कशर, मूळ कोल्हापूर)

अगं, तुझा प्रश्न वाचून मला माझा इथला पहिला महिना आठवला. सहा वर्षं झाली त्याला.

एक ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजी होत्या. सकाळी विचारलं, काल दिवस कसा गेला? तर म्हणतात, 'आय वॉज लेड इन बेड ऑल डे, लव्ह.' आणि थोड्या वेळाने, 'आय वॉज सॅट बाय द विंडो.' मी मनात म्हटलं, हिला बेडवर कोणी ठेवलं दिवसभर, आणि खिडकीत कोणी बसवलं? तक्रार आहे की काय ही? मी आपली हळूच चार्ज नर्सला जाऊन सांगितलं. ती हसली. म्हणाली, इथे सगळे असंच बोलतात. इंग्लंडच्या उत्तरेकडे 'लेड' म्हणजे नुसतं पडून होते, 'सॅट' म्हणजे नुसतं बसले होते. बसवणारा-झोपवणारा कोणी नसतो. तेव्हा तू जे लिहिलंस ते या आजींनी बोललं तर कोणी लाल पेन काढत नाही!

पण ऐक, ते बोलण्यापुरतं. कागदावर ते करायचं नाही. परीक्षेत तर अजिबात नाही. आणि इथले डॉक्टरसुद्धा पेशंटला 'ले डाउन फॉर मी' म्हणताना ऐकशील, तू सरावाला व्हिडिओ बघत असशील तर त्यातही असेल. तू मात्र 'लाय डाउन', 'लाय स्टिल', 'लाय ऑन युअर लेफ्ट साइड' असंच म्हणत राहा. त्याने कधी कोणाचं बिघडत नाही.

आता तुला इथे आल्यावर रोज लागेल असं सांगते. पडणाऱ्या, चक्कर येणाऱ्या पेशंटचं आम्ही 'लाइंग अँड स्टँडिंग' बीपी घेतो. तुझ्या चौदा नंबरच्या आजोबांना हे पहिल्यांदा सांगितलं असतं. पेशंटला किमान पाच मिनिटं आडवं राहू द्यायचं, मग बीपी. मग उभं करायचं, पहिल्या मिनिटात एकदा आणि तीन मिनिटांनी परत एकदा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवायचं. उभं राहून ९० च्या खाली गेला तरी कळवायचं. चार्टवर 'लाइंग'च्या रकान्यात माझ्याबरोबर आलेल्या एकीने सुरुवातीला 'लेइंग' लिहिलं होतं. अंडीवाले दादांचं वाचल्यावर तिला फोनच केला मी.

अजून एक, हे जरा जपून. आपल्याकडे पेशंट गेल्यावर 'बॉडी पॅक करा' म्हणतात ना, तसं इथे शेवटची सगळी सेवा करणं, अंग पुसणं, केस विंचरणं, हात नीट ठेवणं, याला जुन्या सिस्टर 'लेइंग आउट' म्हणतात. पहिल्यांदा मला एकीने सांगितलं, 'विल यू हेल्प मी ले हिम आउट?' मला वाटलं पेशंटला बाहेर घ्यायचंय, मी व्हीलचेअर घेऊन गेले. पडदा बाजूला केला तर आजोबा गेलेले, खिडकी थोडी उघडी ठेवलेली, आणि ती सिस्टर त्यांच्याशी बोलत बोलत त्यांचं तोंड पुसत होती. मी व्हीलचेअर भिंतीला लावली आणि ग्लोव्ह्ज घातले. तेव्हा 'पेशंट वॉज लेड आउट' असं चुकूनही लिहू नकोस, जिवंत माणसाबद्दल तर नाहीच.

परीक्षा कधी आहे तुझी? 'लाय इन' हाही शब्द शिकून ठेव, सुट्टीदिवशी उशिरापर्यंत लोळणं. नाइट ड्युटीवाल्यांना लागतो.

नाइट_ड्युटी

ताई, व्हीलचेअरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडे असं बोलत बोलत तोंड पुसायला वेळ असतो कुठे? कधीकधी असतो. तेव्हा करतो.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. लाइंग-स्टँडिंगचं मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले आपणही घेतो की, 'पोस्चरल बीपी' म्हणतो फक्त. खरंच घेतो, पण पाच मिनिटं आडवं ठेवायचं कोणी घड्याळ लावून बघत नाही. काल चौदा नंबरच्या आजोबांचं घड्याळ लावून घेतलं. झोपून १३८, उभं राहून ११२. सव्वीसनं उतरलं! डॉक्टरांनी लघवीच्या गोळीची वेळ बदलली, रात्रीची सकाळी केली. आजोबांना सांगितलं, एकदम उठायचं नाही, आधी काठावर बसायचं, पाय हलवायचे, बेल दाबायची. ते म्हणाले, "म्हणजे मी पडलो ते चुकून नाही, बीपीने पाडलं." सर, बघा, 'ने' आला!

सरांच्या सांगण्यावरून 'पडणे-पाडणे' वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. वाक्यवेल्हाळ दादांची चार क्रियापदं पण खाली बारीक अक्षरात.

काल रात्री परत एक प्रसंग आला, बेड नंबर ६. हे पडले नव्हते, उकडतंय म्हणून चादर अंथरून मुद्दाम खाली झोपले होते, पंख्याखाली. दोन मिनिटं पेन हातात धरून 'तो', 'ती', 'ने' केलं आणि लिहिलं: 'पेशंट फाउंड लाइंग ऑन द फ्लोअर. ही लेड अ शीट अँड ले डाउन बाय हिमसेल्फ ड्यू टू हीट.' एका वाक्यात 'लेड' पण आलं, 'ले' पण आलं. चादर त्याने घातली, आडवा तो झाला. लिहून झाल्यावर मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "ह्यात माझं नाव नाही ना कुठे?"

सकाळी मेट्रन मॅडमनी फाइल उघडली. मी मुद्दाम शेजारी उभी. 'लाइंग' वाचलं, पुढे गेल्या. 'लेड' वाचलं, थांबल्या, पुढे गेल्या. 'ले डाउन' वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग लाल पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'टाइम?'

वेळ टाकायची राहिली होती.